वर्गात वापरलेली ऑनलाइन साधनं : तुमचे अनुभव लिहा

शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन साधनांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. कुठलं साधन काय करतं, हे त्यात असतं. वर्गातल्या मुलाला त्यामुळे काय कळलं, हे मात्र शोधूनही सापडत नाही. मला ते वाचायचं आहे. म्हणून आग्रहाची विनंती : साधनाचं नाव जरूर लिहा, पण शिकवताना नेमकं काय अडत होतं आणि ती अडचण कितपत सुटली, ते आधी लिहा. सुटली नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मीच करते. मी विज्ञान शिकवते. साधा विद्युत परिपथ शिकवायला घेतला की एक समजूत हमखास समोर येते : बॅटरीतून प्रवाह निघतो, त्यातला थोडा बल्ब खाऊन टाकतो आणि उरलेला परत येतो. व्याख्या तोंडपाठ असलेली मुलंही मनातून हेच मानतात, कारण सेल 'संपतो' हे त्यांनी पाहिलेलं असतं. फळ्यावर बाण काढून ही समजूत हलत नाही. त्यासाठी मी फेट (PhET) या प्रकल्पाचं परिपथ जोडणीचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग, वापरते. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं. सिम्युलेशन मोफत आहेत आणि बरीचशी मराठीतही आहेत.

पडदा सुरू करण्याआधी मी वहीत अंदाज लिहून घेते. बल्बच्या अलीकडे ॲमीटर (प्रवाह मोजणारं उपकरण) किती दाखवेल? पलीकडे किती? मग दोन्हीकडे ॲमीटर लावायचा. आकडा सारखाच येतो. तेव्हा वर्गात जी कुजबुज सुरू होते, तिच्यासाठीच मी हे सगळं करते. 'मग संपतं काय?' हा प्रश्न मुलांकडूनच येतो आणि ऊर्जेचा धडा तिथून सुरू करता येतो. अंदाज न लिहवता तेच सिम्युलेशन दाखवलं, तर मुलं इलेक्ट्रॉनचे ठिपके पळताना बघून खूश होतात आणि समजूत जागची हलत नाही. दुसऱ्या दिवशी खरी तार, खरा सेल, खरा बल्ब. सैल जोडणी शोधायला हातच लागतात.

आता तुम्ही लिहा.

गणित, माध्यमिक

बाईंनी अंदाजाचं लिहिलंय ते भूमितीलाही तंतोतंत लागू आहे. मी जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या रचायचं सॉफ्टवेअर वापरतो. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते तयार करायला घेतलं.

माझी अडचण अशी होती की मुलांना आकृती आणि तिचे गुणधर्म वेगळे करता येत नव्हते. चौरस म्हणजे 'असा दिसणारा' आकार. म्हणून पहिलं काम देतो : चौरस काढा. बहुतेक जण नजरेच्या अंदाजाने चार बिंदू ठेवून जोडतात. दिसायला उत्तम चौरस! मग सांगतो, आता एक कोपरा धरून ओढा. चौरस मोडतो. ज्या मुलीने लंबरेषा आणि वर्तुळ वापरून रचना केलेली असते, तिचा चौरस लहान होतो, मोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. 'तुझा का मोडत नाही?' असं बाकीचे तिला विचारतात. त्या उत्तरात व्याख्या येते, आणि ती मुलांच्या शब्दांत येते.

दुसरं आवडतं काम म्हणजे फ्रेंच गणिती व्हारिन्यों यांचं १७३१ मध्ये प्रसिद्ध झालेलं प्रमेय. वाटेल तो चौकोन काढा, बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडा. आत समांतरभुज चौकोन मिळतो. मुलं ते खोटं पाडायला निघतात. एक कोपरा आत ढकलतात, बाजूंची एकमेकींवर फुली करतात, तरी तो समांतरभुजच राहतो. ओढून ओढून पटलं की मी माउस काढून घेतो आणि कागद देतो. पटणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. एक कर्ण काढला की त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचं प्रमेय दिसतं आणि सिद्धता दोन-तीन ओळींत होते. पण ती दोन-तीन ओळींची सिद्धता आपल्याला हवी आहे, असं मुलांना वाटणं हे ओढून पाहण्यामुळे घडतं. माझ्या मते या साधनाची खरी कमाई तीच.

प्राथमिक वर्ग

आमच्या वर्गात मुलांकडे उपकरणं नसतात आणि या वयात ती नसावीत असंच माझं मत आहे. मला प्लिकर्स फार सोयीचं वाटतं. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक कार्ड असतं, प्रत्येकावरचं चिन्ह वेगळं. कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून अ, ब, क, ड यांपैकी उत्तर ठरतं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं नोंदली जातात. कार्डावरची अक्षरं बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणं अवघड जातं.

हात वर करायला सांगितलं की चारपाच हात नेहमीचेच असतात. कार्डामुळे गप्प बसणारं मूलही उत्तर देतं. मात्र सगळी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे. '०.७ मोठं की ०.६५?' हा प्रश्न घ्या. ६५ हे ७ पेक्षा मोठं, म्हणून ०.६५ निवडणारी मुलं असतात. चुकीचा पर्याय असा हवा की तो निवडणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळावं. उगाच भरतीचे पर्याय टाकले तर उत्तरांचा आलेख रंगीत दिसतो, त्यातून मला काहीच समजत नाही.

भौतिकशास्त्र, महाविद्यालय

वरच्या अनुभवाला जोडून लिहितो. हार्वर्डमधले एरिक मझूर १९९१ पासून ज्या पद्धतीने शिकवू लागले, तिचा गाभा हाच आहे. संकल्पनेवर प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने स्वतंत्र उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा ही चर्चा सगळ्यात फळते. त्याहून कमी असतील तर मी पुन्हा समजावतो, जास्त असतील तर पुढे जातो.

एक गोष्ट आवर्जून पाळतो : पहिल्या फेरीचा आलेख चर्चेआधी दाखवत नाही. उंच खांब दिसला की वाद संपतो, सगळे त्या खांबामागे जातात.

मराठी, उच्च प्राथमिक

आमच्याकडे आकडे कमी, आवाज जास्त. प्रकट वाचनात काही मुलं सगळ्या वर्गासमोर उभी राहिली की अक्षरं गिळतात. त्यांना मी फोनवर किंवा संगणकावर आपलं वाचन ध्वनिमुद्रित करायला सांगते. साधं रेकॉर्डर पुरतं. संगणकावर कापाकापी करायची असेल तर ऑडॅसिटी मोफत आहे. नियम एकच : पाठवण्याआधी स्वतः ऐकायचं. आपण स्वल्पविराम सोडून धावतो, हे मुलांना स्वतःच्या कानांनी कळतं. मी सांगितलं तर ती टीका होते. त्यांनी ऐकलं की ती स्वतःहून पुन्हा वाचतात आणि दुसरं मुद्रण पाठवतात. कितव्यांदा वाचलं हे मी विचारत नाही.

निबंधासाठी सामायिक दस्तऐवज, म्हणजे सगळ्यांना एकत्र लिहिता येणारं ऑनलाइन पान, वापरते. त्यातला बदलांचा इतिहास माझ्या मते आजच्या भाषाशिक्षकाच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन आहे. मुलाने कुठलं वाक्य खोडलं, कुठे अडून राहिलं, परिच्छेद खालून वर कधी नेला, हे दिसतं. वहीतल्या पक्क्या प्रतीत यातलं काही उरत नाही. एकमेकांच्या लेखनावर शेरे लिहायला सांगितलं की आधी 'छान', 'मस्त' एवढंच येतं. मग मी शेरा कसा हवा ते ठरवून देते : न समजलेलं एक वाक्य दाखव, आणि लेखकाला एक प्रश्न विचार. तेवढ्याने शेरे बदलतात.

विशेष शिक्षिका

माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, कारण हा विषय नेहमी शेवटी आठवतो. माझे काही विद्यार्थी पाहू शकत नाहीत. ते एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा यांत्रिक आवाज मराठी वाचतो. पण समोरचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या पद्धतीत, असेल तरच! जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला धडा डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. स्क्रीन रीडर तेच वाचतो आणि मुलाला अर्थहीन आवाज ऐकू येतात. जुन्या प्रश्नपत्रिका अपलोड करण्याआधी एवढं तपासा : थोडा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे देवनागरी राहिली तर ठीक.

तसंच, फळ्याचा फोटो काढून पाठवणं म्हणजे त्या मुलाला कोरं पान पाठवणं. ओढून जोड्या लावायच्या प्रश्नांपेक्षा पर्याय निवडायचे प्रश्न त्याला सोडवता येतात, कारण ते कीबोर्डवर चालतात. आणि 'लाल म्हणजे चूक, हिरवं म्हणजे बरोबर' एवढ्यावर सोडू नका. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत अशी मुलं वर्गात असतात आणि कित्येकदा ते त्यांनाही माहीत नसतं. रंगासोबत शब्द लिहा.

इतिहास

'विकिपीडिया बघू नका' असं सांगणं मी सोडून दिलं. लेख उघडायचा आणि वरच्या 'चर्चा' व 'इतिहास पहा' या टॅबवर जायचं. कोणी काय बदललं, कशावरून वाद झाला, कुठल्या वाक्याला संदर्भ नाही, हे सगळं उघड्यावर असतं. एकाच घटनेचा लेख मराठीत आणि दुसऱ्या एखाद्या भाषेत शेजारी ठेवला तर काय गाळलंय आणि कशावर भर आहे, यावर अख्खा तास चर्चा होते. इतिहासाचं साधन तपासायला मुलं इथेच शिकतात.

भूगोल

थोडक्यात : गूगल अर्थमधला टाइमलॅप्स. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं सलग चालतात. मी मध्य आशियातला अरल समुद्र दाखवते, पण नाव सांगत नाही. काय आटलं, केव्हापासून, पाणी गेलं कुठे, हे मुलांनी नकाशावर नद्या शोधून सांगायचं. शेतीच्या सिंचनासाठी अमू दर्या आणि सिर दर्याचं पाणी वळवलं, इथपर्यंत ती पोचतात.

गणित, उच्च प्राथमिक

मला वेगावर गुण देणाऱ्या क्विझबद्दल लिहायचं आहे. वर्गात आरडाओरडा, संगीत, पडद्यावर पहिल्या पाचांची नावं. उत्साह खरा असतो, नाकारत नाही. पण सावकाश विचार करणारी मुलं काही दिवसांत प्रश्न वाचणंच सोडतात आणि काहीही दाबतात. मी घड्याळ आणि क्रमवारी दोन्ही बंद केली. आता आवाज कमी आणि उत्तरं जास्त विचार करून येतात.

क्विझ मात्र बंद केली नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे : उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते वाचल्यावर आठवून लिहिणारे. म्हणून मी गेल्या आठवड्यातले आणि गेल्या महिन्यातले प्रश्न मिसळून देते, गुण नसलेले.

रसायनशास्त्र, उच्च माध्यमिक

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये खुलं झालं, तेव्हापासून 'त्याच्याकडून लिहून घेणाऱ्या मुलांना पकडायचं कसं' हीच चर्चा ऐकतोय. पकडणाऱ्या साधनांवर मी विसंबत नाही. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं तसं साधन अचूकता कमी म्हणून २०२३ मध्ये मागे घेतलं. निबंध यंत्राने लिहिला असा खोटा आळ एखाद्या प्रामाणिक मुलावर येणं मला फार गंभीर वाटतं.

मी स्वतः प्रश्न विचारून आलेलं उत्तर छापून वाटतो. काम एवढंच : प्रत्येक विधानापुढे बरोबर, चूक किंवा अपुरं लिहा आणि पाठ्यपुस्तकातलं पान दाखवा. सफाईदार भाषेत चुकीचं विधान किती सहज दडतं, हे मुलांना दिसतं. समीकरण संतुलित आहे का, हे मात्र अणू मोजूनच ठरवायचं.

शाळेतलं संगणकाचं काम पाहणारा शिक्षक

इंटरनेटची जोडणी तुटक असेल तर कोलिब्री आणि किविक्स ही त्याविना चालणारी साधनं बघाच. किविक्समध्ये विकिपीडिया एकदा उतरवून ठेवता येतो. कोलिब्री एका संगणकावर बसवलं की शाळेतल्या स्थानिक जाळ्यावर बाकीची उपकरणं त्यातले धडे बघतात, इंटरनेट लागत नाही. फेटची सिम्युलेशनही उतरवून ठेवता येतात.

खाती उघडताना वय पाहा. मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या संरक्षणासाठीच्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यामुळे बऱ्याच सेवा १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं उघडू देत नाहीत. जिथे खात्याशिवाय नुसत्या सांकेतिक क्रमांकाने चालतं, तिथे मी मुलांना टोपणनावं देतो. कोण कोणतं, ती यादी कागदावर माझ्या कपाटात असते. जन्मतारीख आणि फोटो मागणारं साधन मी वर्गात आणत नाही, कितीही चांगलं असलं तरी.

आणि एक. आम्ही वापरत होतो ती एक सेवा ऐन सत्रात बंद होणार असल्याची सूचना आली. आमचे प्रश्न बचावले, कारण ते आधीपासून साध्या स्प्रेडशीटमध्येही होते. एका सहकारी बाईंचा बराच संग्रह तिथेच गेला, तो पुन्हा टाइप करावा लागला. तेव्हापासून नवं साधन उघडलं की मी सगळ्यात आधी 'एक्स्पोर्ट' किंवा 'डाउनलोड' कुठे आहे ते शोधतो आणि दोनतीन प्रश्न टाकून ते खरंच बाहेर निघतात का ते बघतो. निघत नसतील, तर तिथे एखाददुसरी चाचणी घेतो, संग्रह ठेवत नाही.