जायचं बंद केलं की झालं, मग राजीनामा कशाला?

युटाकर: काल इथे एकाने लिहिलं, मॉर्मन चर्च सोडताना लेखी राजीनामा देणं म्हणजे नाटक, रविवारी जाणं बंद केलं की विषय संपला. अकरा वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात, मॉर्मन लोकांच्या बालेकिल्ल्यात, राहतोय म्हणून सांगतो, नाही संपत. आठव्या वर्षी बाप्तिस्मा झाला की नाव नोंदलं जातं, मग गेलात न गेलात तुम्ही त्यांच्या आकड्यात, आणि वॉर्डातली (त्यांच्या स्थानिक मंडळीतली) माणसं दारावर येत राहतात. आमची शेजारीण पाच वर्षं चर्चला गेली नव्हती, तरी गप्प होती. 2015च्या नोव्हेंबरात चर्चचा नियम आला की समलिंगी जोडप्याकडे राहणाऱ्या मुलांना 18 वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाही. तिचा भाऊ गे, त्याला लहान मुलगी. बाईने माझ्यासमोर चार ओळींचं पत्र लिहिलं, सही करताना हात थरथरत होता. हे नाटक?

विनय_के: तो नियम 2019च्या एप्रिलमध्ये मागे घेतला, ते का गाळलंत? आमच्या बाळंतपणात याच लोकांनी तीन आठवडे डबे आणून दिले, न मागता. आणि नाव काढलं की सीलिंगही (टेंपल या त्यांच्या खास मंदिरातला, कुटुंबाला कायमचं जोडणारा विधी) रद्द होतं, म्हणजे आईच्या मते मेल्यावरही टिकणारी गाठ पोराने तोडली. तिचं काय?

मेधा: आईचं बोलताय ना? माझ्या मैत्रिणीच्या आईने दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देणं, थांबवलं म्हणून तिला रेकमेंड, म्हणजे टेंपलमध्ये जायचा परवाना, मिळाला नाही. पोटच्या पोरीचं लग्न टेंपलमध्ये, आणि ही नवा ड्रेस घालून बाहेर बाकावर बसलेली! आधी टेंपलबाहेर साधं लग्न करावं तर तेव्हा सीलिंगसाठी वर्षभर थांबायला लागायचं, ती अट 2019मध्ये गेली.

विनय_के: माझ्या लग्नात माझ्या विधवा आईला मांडवात मागे बसवलं होतं, पुढे येऊ दिलं नाही. आमच्यापैकी कुणी दिला का धर्माचा राजीनामा?

मेधा: देणार कुणाकडे? आपल्याकडे नाव काढायला वहीच नाही. आणि तेव्हा तुम्ही उठून आईला पुढे का नाही आणलंत?

विनय_के: वैयक्तिक होऊ नका. चोवीस वर्षांचा होतो, मामा बोलत होते, मी खाली बघत होतो.

युटाकर: मेधाताई, जरा दमाने घ्या. विनयराव, डब्यांचं खरं आहे, आम्हालाही दिलेत. पण ती माणसं वेगळी, नोंद वेगळी.

विनय_के: बरं, नाटक हा शब्द चुकीचा, एवढं मानतो. पण पत्र टाकायच्या आधी आईला फोन करा, तिला वॉर्डातल्या कुणाकडून कळायला नको.