दोन डोस नाहीत तर लोकल नाही, हे बरोबर होतं का?

बदलापूरकर:
कालच्या चर्चेत एकाने ठणकावून लिहिलंय, "साथीत हक्कांची भाषा करणारे स्वार्थी. आधी जीव, मग स्वातंत्र्य." उत्तर द्यायलाच हवं. १५ ऑगस्ट २०२१ला मुंबईची लोकल सामान्यांना खुली झाली, पण कोरोना लसीचा दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच. हिशोब करा. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्राची मोफत लस २१ जूनपासून, कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. म्हणजे पहिल्या दिवशी रांगेत उभा राहिलेलाही सप्टेंबर संपत येईपर्यंत गाडीबाहेरच. त्याचा कसला स्वार्थ? मी एसटीने मुंबई गाठायचो, पगाराचा मोठा वाटा तिकिटांत जायचा. घरून काम करणाऱ्यांना हा नियम पटणारच.

स्मिता_नाशिक:
एप्रिल २०२१मध्ये आम्ही काकांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत गावभर फिरलो. बेड मिळाल्याचा फोन आला तेव्हा काका गेले होते. तुमची तिकिटं महाग पडली याचं वाईट वाटतं, पण तराजूत दोन्ही सारखं घालू नका.

घाटावरचा:
२०२०ला सरकारने वापरलेला साथरोग कायदा इंग्रजांचा, १८९७चाच. १८९७लाच पुण्यात प्लेगच्या साथीत रँड या इंग्रज अधिकाऱ्याचे सोजीर घराघरांत घुसले होते. तेव्हाही कारण लोकांच्या आरोग्याचंच होतं.

स्मिता_नाशिक:
प्रत्येक वादात रँड आणू नका हो.

वैशाली_कोथरूड:
सरकारचं राहू द्या, सोसायट्यांचं बोला! आमच्या कमिटीने कामवाल्या मावशींना महिनोन्महिने गेटवर अडवलं. पार्सलवाले मात्र लिफ्टने वर. मावशींनी कानातले गहाण टाकले. कुठल्या कायद्यात बसतं हे?

माजी_सेक्रेटरी:
मी होतो सेक्रेटरी. इमारतीत ऐंशीच्या घरातले नऊ जण. कुणी दगावलं असतं तर तुम्हीच माझ्या दारात आला असतात. बसून बोलणं सोपं असतं.

वैशाली_कोथरूड:
मग मावशींचा पगार चालू ठेवा असा ठराव का नाही केला? नोटीस लावायला बरा वेळ मिळाला!

माजी_सेक्रेटरी:
आवाज चढवू नका. आमच्या घरच्या बाईंना मी पूर्ण पगार दिला.

वैशाली_कोथरूड:
तुम्ही दिलात. बाकी बेचाळीस फ्लॅटचं काय?

माजी_सेक्रेटरी:
त्यांच्याकडून घेता आला नाही. तसा ठराव मांडायला हवा होता, एवढं मान्य. गेट बंद ठेवलं ते चूक होतं, हे मात्र मानणार नाही.

बदलापूरकर:
मूळ मुद्द्यावर या. २ मे २०२२ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, लसीची सक्ती करता येणार नाही.

स्मिता_नाशिक:
अर्धंच सांगताय. लोकांच्या आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे. फक्त ते प्रमाणात हवेत.

बदलापूरकर:
प्रमाणात! मीही तेच म्हणतोय. ८४ दिवस थांबा सांगायचं आणि थांबला म्हणून फलाटावरून परत पाठवायचं, हे कुठल्या प्रमाणात बसतं?

स्मिता_नाशिक:
ती तारीख चुकली, ठीक आहे. एक डोसवाल्यांना सोडायला हवं होतं. पण लस न घेता गर्दीत शिरायचा हक्क मागणाऱ्यांना मी आजही विरोधच करेन.