वाईन न घेणाऱ्यांनी बर्गंडीत सायकलवर जावं का? (दिजाँ ते क्लुनी)

कंबरतलाव_पहाट यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं सोलापूरचे. रोज पहाटे विजापूर रोडने कंबर तलावाच्या पुढपर्यंत सायकल, रविवारी कधी अक्कलकोट, कधी तुळजापूर. माझं वय ५१, ह्यांचं ५६. मुलगी फ्रान्समध्ये दिजाँला शिकते. जूनमध्ये तिच्याकडे जायचं जवळजवळ ठरलंय. ती म्हणते, आई, इथून दक्षिणेला बर्गंडीच्या द्राक्षबागांतून सायकलचा रस्ता जातो, जुनी जुनी गावं लागतात, तुम्ही दोघं कराच.

मन तर फार आहे. पण आमच्या घरात कुणी वाईन घेत नाही आणि तिथे जाऊनही घेणार नाही. मग त्या भागात आम्हाला बघण्यासारखं काय? शिवाय ह्यांचा डावा गुडघा. तुळजापूरचा घाट चढतात, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि मुलीने पाठवलेल्या फोटोंत सगळीकडे उतारच उतार दिसतात. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? दिवसाला किती अंतर धरावं? जे स्वतः गेलेत त्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

भवानी_पेठकर यांचं उत्तर:

ताई, आधी एकच सांगतो: जा. मी टॉवेलच्या धंद्यात आहे. कामानिमित्त युरोपात जाणं होतं, आणि तेवढ्यात सवड काढून हा रस्ता मी सायकलवर केलाय. मीही घेत नाही. तरी हा भाग माझ्या मनात जसा बसलाय तसा दुसरा कुठला बसलेला नाही.

रचना समजून घ्या म्हणजे गुडघ्याचा प्रश्न निम्मा सुटेल. दिजाँपासून दक्षिणेला सांतने गावापर्यंत एक लांबलचक उतरण आहे, पूर्वेकडे तोंड केलेली. बहुतेक नामांकित बागा ह्याच पट्ट्यात. खाली सपाटीवर मोठा हमरस्ता, डी ९७४. त्याच्या लगतच्या जमिनीतली वाईन साधी. थोडं वर गेलं की गावाच्या नावाची, आणखी वर प्रीमिये क्रू, आणि उतरणीच्या मधोमध, साधारण २५० ते ३०० मीटर उंचीवर, ग्राँ क्रू म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. माथ्यावर जंगल. मधला पट्टा चुनखडी आणि चिकणमातीचा, पाणी साचत नाही, सकाळचं ऊन आधी मिळतं. सायकलवर हे पायांना कळतं. पेडल जड व्हायला लागलं की समजायचं, महाग जमिनीवर आलो.

म्हणून डी ९७४ ने जाऊ नका. ट्रक असतात आणि दिसत काही नाही. दिजाँतून बाहेर पडताना डी १२२ धरा. हाच त्यांचा रूट दे ग्राँ क्रू, १९३७ साली आखलेला. जेव्हरे-शांबेर्तँ, मोरे-सँ-दनी, शांबोल, मग व्हूजो. गावं दोन-चार किलोमीटरवर एकेक. चढ आहेत पण आटोपशीर, घाटासारखे लांब नाहीत. दमवणारे चढ गावांच्या आत आणि भिंतींच्या मधल्या बोळांत असतात, शंभर-दोनशे मीटरचे पण ताठ. तिथे उतरून ढकला, कुणी बघत नाही.

व्हूजोला जरूर थांबा. सितोच्या मठातल्या साधूंनी बाराव्या शतकापासून ही बाग लावत नेली आणि भोवती दगडी भिंत घातली. भिंत अजून उभी आहे. आतली जमीन सुमारे ५० हेक्टर. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या, पुढे वारसांत वाटण्या झाल्या, आज त्या एका भिंतीच्या आत ८० च्या आसपास मालक आहेत. कुणाच्या दोन ओळी, कुणाच्या दहा. आपल्याकडे भाऊहिश्शात बांध पडतात तसंच, फक्त इथे बांधही नाही, प्रत्येकाला आपली ओळ माहीत असते. अशा वेगळ्या ओळखीच्या तुकड्यांना ते क्लिमा म्हणतात. एक हजार दोनशेच्या वर क्लिमा आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. ज्याला शेतजमीन वाचायला आवडते त्याला इथे एक घोटही न घेता दिवस पुरत नाही.

बोनमध्ये दोन रात्री राहा. तिथलं ओतेल-द्यू १४४३ मध्ये निकोला रोलाँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन यांनी गोरगरिबांसाठी बांधलं. शंभर वर्षांचं युद्ध सरत आलं होतं, लोक उपाशी होते तो काळ. अंगणात उभं राहून वर बघा: लाल, पिवळी, हिरवी, तपकिरी झिलईची कौलं, चौकटी-चौकटींत बसवलेली. आत लांब दालनात दोन्ही बाजूंना लाल पडद्यांच्या खाटा. १९७१ पर्यंत ह्या इमारतीत रुग्ण असत. लोकांनी दान दिलेल्या बागा ह्या संस्थेकडे आहेत, त्यांची वाईन १८५९ पासून दर नोव्हेंबरात लिलावात जाते आणि पैसा दवाखान्याला मिळतो. ताई, वाईन न घेणाऱ्या माणसालाही ह्या व्यवहाराबद्दल आदर वाटतो.

बोन ते सांतने सुमारे २२ किलोमीटर, व्हुआ दे व्हिन्य नावाची सायकलवाट. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिनी-मोंत्राशे. पाट्या लावलेल्या, वाट चुकायची भीती नाही. घाई केली तर दोन तासांत संपते, म्हणून तिला अख्खा दिवस द्या. तुम्ही दिवसाला ३५ ते ४० किलोमीटरच धरा. सोलापुरात सकाळी साठ होतात म्हणून तिथे साठ लावू नका, कारण तिथे दर गावात उतरावंसं वाटतं.

सायकली तिथेच घ्या. दिजाँ आणि बोन दोन्हीकडे भाड्याने मिळतात. ह्यांच्यासाठी बॅटरीची सायकल घ्या, ताई. मोटर २५० वॅटची, पेडल मारलं तरच चालते, ताशी २५ च्या पुढे मदत बंद होते. साधी घेतली तर मागच्या चाकाचं मोठं चक्र ३४ दात्यांचं आहे का ते दुकानातच मोजून बघा. गुडघा त्यावर वाचतो.

पाणी कुठे भरायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. गावच्या दफनभूमीत. लोखंडी फाटक ढकलून आत गेलं की भिंतीजवळ नळ असतो, कडेला फुलांना पाणी घालायच्या हिरव्या झाऱ्या टांगलेल्या. लोक नात्यातल्यांच्या थडग्यांवर कुंड्या ठेवतात, त्यांच्यासाठी ही सोय. फ्रेंच सायकलवाले सर्रास तिथेच बाटल्या भरतात. मात्र ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही. फाटक परत लावून घ्या.

आणि दुपारचं सांभाळा. गावातली दुकानं बारा ते दोन बंद, खाणावळी मात्र फक्त त्याच वेळेत जेवण देतात. खाणावळीत दोन वाजून दहा मिनिटांनी गेलात तर जेवण मिळणं कठीण. रविवारी दुपारपासून सोमवारभर छोट्या गावात काही उघडं असेल असं धरू नका.

वेलांटी यांचं उत्तर:

मी फ्रान्समधल्याच अल्सास भागाचं सुचवेन. तिथला वाईन रस्ता १९५३ मधला, मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटर, व्होज डोंगराच्या पायथ्याने. लाकडी चौकटींची रंगीत घरं, एगिसहाइम तर गोल गोल वळशांत वसलेलं. केसरबेर्ग हे नोबेल मिळालेले डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांचं जन्मगाव. छपरांवर करकोच्यांची घरटी. नवख्यांना हे जास्त भावतं. फक्त ओ-क्योनिग्सबूर्गचा किल्ला सायकलने चढायचं मनात आणू नका, तो साडेसातशे मीटरवर आहे आणि चढ सलग आहे.

नान्नज_बाग यांचं उत्तर:

मी द्राक्ष बागायतदार. आमच्या गटातले काही जण अभ्यास दौऱ्याला बर्गंडीत गेलो होतो, सायकलवर नव्हे, बसने. पण ताईंनी विचारलं की वाईन न घेणाऱ्याला काय बघण्यासारखं, म्हणून लिहितो.

तुम्ही सोलापूरच्या, द्राक्षाचे मांडव आणि वाय आकाराचे सांगाडे बघितलेले. तिथे वेल कमरेएवढी. ओळीत एक मीटर, ओळी-ओळींत एक मीटर, म्हणजे हेक्टरी दहा हजार वेली. आपण नऊ बाय पाच फुटांवर लावतो तर एकरी हजारही बसत नाहीत. एवढ्या दाटीत ट्रॅक्टर जाणार कसा? तर त्यांचा ट्रॅक्टर उंच पायांचा असतो, ओळ पोटाखालून जाते. तो चालताना एकदा थांबून बघाच.

ठिबक कुठे दिसली नाही. पावसावर बाग. छाटणी हिवाळ्यात एकदाच. आपली एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ऐकून तिथला शेतकरी बराच वेळ प्रश्न विचारत होता. त्यांचं दुखणं वेगळं: एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर दव गोठतं, मग रात्रभर ओळींत मोठ्या मेणबत्त्या पेटवून जागतात. आपण अवकाळी पाऊस आणि डावणी रोगाला जागतो.

अजून एक. वेलीच्या बुडाशी जमिनीलगत गाठ दिसेल, तो कलमाचा जोड. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाची मुळं खाणारी कीड अमेरिकेतून आली, फ्रान्सच्या बागा बसल्या. उपाय अमेरिकेतूनच आला, तिथल्या रानटी वेलींचे खुंट. वर पिनो न्वार ही तिथली काळी द्राक्षं, खाली अमेरिकन मूळ. आपण डॉगरिज खुंटावर कलम करतो तेही अमेरिकन रानवेलीचंच रक्त, फक्त आपल्याला ते पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी लागतं. मी तिथे गुडघ्यावर बसून तो जोड हाताने चाचपला, तेव्हा ती बाग मला परकी वाटली नाही.

कंबरतलाव_पहाट :

इतकं मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. दादा, तुमचं उत्तर ह्यांना वाचून दाखवलं, ते ट्रॅक्टरसाठी यायला तयार आहेत. अल्सास पुढच्या वेळी, मुलगी दिजाँला आहे म्हणून आता बर्गंडीच. पण जेवणाचं कुणी सांगितलं नाही. आणि सांतनेच्या पुढे जाण्यासारखं आहे का? हातात आठवडा आहे.

भवानी_पेठकर :

जेवणाचं राहिलंच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर न्या. दोन्हींना तिथे अडचण नाही. तूप, पेढे, दुधाचं काही नेऊ नका, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणता येत नाहीत. सकाळी बेकरीतून बगेत म्हणजे लांब कडक पाव घ्यायचा, दुपारी टोमॅटो, काकडी आणि वर चटणी. चीजबद्दल एक जपा: तिथली बरीच पारंपरिक चीजं वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने लावतात. तुम्हाला ते चालत नसेल तर पाकीट वाचून घ्या. सूपही विचारून घ्या, मांसाच्या रश्शात केलेलं असतं. ऑम्लेट बहुतेक ठिकाणी मिळतं. दिजाँचा मधाचा मसालेदार केक, पँ देपीस, खिशात ठेवा, चढावर तो बरा पडतो.

बागेवाले चव घ्यायला बोलावतील. ‘सायकलवर आहे’ म्हटलं की आग्रह करत नाहीत. तिथे सायकलस्वारालाही दारूची मर्यादा मोटारवाल्याएवढीच आहे, लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम. द्राक्षाचा रस मागा, काही ठिकाणी असतो.

रस्त्याचं एक डोक्यात पक्कं करा. गाड्या उजवीकडून चालतात हे दोन तासांत अंगवळणी पडतं. पण गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, तो छोट्या बोळातून येत असला तरी. आपल्या सवयीने आपण सरळ निघतो. ह्यांना हे दोनदा सांगा.

आठवडा असेल तर सांतनेला थांबू नका. तिथून कालव्याच्या काठाने शालोंपर्यंत जवळजवळ सपाट, ह्यांच्या गुडघ्याला तेवढीच विश्रांती. पुढे जिव्रीपासून क्लुनीपर्यंत ४४ किलोमीटरची व्हुआ व्हेर्त, जुन्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये केलेली, फ्रान्समधली अशी पहिली वाट. आगगाडीचा मार्ग म्हणून चढ अगदी हलका. मोटारगाडी नाही, जुनी स्टेशनं तशीच उभी. क्लुनीचा मठ ९१० मधला. रोममधलं आजचं सेंट पीटर चर्च उभं राहेपर्यंत इथलं चर्च ख्रिस्ती जगातलं सर्वात मोठं होतं. क्रांतीनंतर दगडांसाठी ते पाडत नेलं. एक बाजू आणि मनोरा उरलाय. उरलेल्या बाजूला उभं राहून मान वर करा आणि बाकीचं किती असेल ते मनाशी मोजा, वेळ लागतो.

क्लुनीहून मासोंला जाताना ब्वा क्लेरचा बोगदा लागतो, दीड किलोमीटरहून थोडा जास्त. वटवाघळांसाठी हिवाळ्यात बंद ठेवतात, जूनमध्ये उघडा असतो. बाहेर तीस अंश असले तरी आत गार, त्यामुळे जाकीट पिशवीत तळाला नको, वरच ठेवा. मासोंहून दिजाँला प्रादेशिक गाडी आहे, टीईआर. तिच्यात सायकल सुटी न करता तशीच चढवता येते, टांगायला आकडे असतात. फक्त संध्याकाळची गर्दीची गाडी टाळा, बॅटरीची सायकल उचलून चढवताना दोघं लागतात.