पोस्टरवरचं बाँडचं पिस्तूल: वॉल्थर पीपीके की छर्र्याचं?

मिरजकर_मामा
जाणकारांनी जरा निवाडा करून द्या, घरात दोन दिवस वाद चाललाय.

हॉलमध्ये 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चं पोस्टर लावलंय. मूळ नव्हे हो, नक्कल. मुंबईत चोर बाजारात दुकानदार बाराशे म्हणाला, मी साडेसातशेला उचललं आणि फ्रेमला त्याहून जास्त घालवले. शॉन कॉनरी हाताची घडी घालून उभा आणि पिस्तुलाची लांबलचक नळी वर. आल्यागेल्याला मी सांगतो, "हे बघा, वॉल्थर पीपीके, बाँडचं ठरलेलं पिस्तूल."

परवा भाचा आला. वय १४, स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून पदक आणल्यापासून हा एअर पिस्तूल शिकतोय. पोस्टरसमोर उभा राहिला आणि म्हणतो, "मामा, हे छर्र्याचं आहे." मी म्हटलं, गप रे. मग मिसळीची पैज लागली. त्याच रात्री दोघांनी 'डॉ. नो' पाहिला, तर म्हणे प्रोफेसरला गोळी घालताना बाँडच्या हातात भलतंच पिस्तूल आहे! आता मात्र मलाही शंका यायला लागलीय.

गप्पिष्ट
निकाल लागायच्या आत मिसळ खाऊन घ्या. नंतर गोड लागत नाही.

जुना_आर्मरर
मामा, पैज हरलात.

पोलीस शस्त्रागारात २९ वर्षं तेल आणि चिंध्यांत काढली, त्यामुळे सिनेमा बघतानाही माझी नजर नटाच्या हाताकडेच जाते. बायको म्हणते, तुमच्याबरोबर थिएटरात बसणं म्हणजे पंचनाम्याला बसणं.

तुमच्या पोस्टरवर आहे ते वॉल्थरच, पण एलपी ५३. 'एल' म्हणजे जर्मनमध्ये 'लुफ्ट', हवा. ४.५ मिमीचा छर्रा, आत स्प्रिंग. नळी मोडून खाली ओढली की स्प्रिंग दाबली जाते. माणूस मरायचा नाही, कावळा उडून जाईल. झालं असं, की १९६३ मध्ये प्रसिद्धीचे फोटो काढायचे ठरले, कॉनरी आला, फोटोग्राफर डेव्हिड हर्न आला, पण पीपीके आणायचं राहिलं. हर्न स्वतः हौसेनं एअर पिस्तूल चालवायचा, त्यानं आपलंच पुढे केलं. लांब नळी फोटोत झकास दिसली आणि तीच जगभर छापली गेली. २०१० मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ते पिस्तूल २,७७,२५० पौंडांना गेलं. रुपयांत करून बघू नका, त्रास होतो.

आता 'डॉ. नो'. भाच्याला माझ्यातर्फे शाबासकी द्या. डेंट प्रोफेसरवर बाँड सायलेन्सर लावून जे झाडतो ते बेल्जियमचं एफएन १९१०, ब्राउनिंग साहेबाचं डिझाइन. मागच्या बाजूला बघा. पीपीकेला पाठीमागे हॅमर दिसतो, ज्याला आपण घोडा म्हणतो. एफएनला तो दिसतच नाही, पाठ साफ गुळगुळीत. हत्यार ओळखायचं तर आधी पाठ बघावी, तोंड नंतर. आमचे उस्ताद हे रोज घोकून घ्यायचे.

आणि त्याच प्रसंगातली खरी गंमत पुढेच आहे. डेंट पलंगावर सहा गोळ्या घालतो, मग पुन्हा चाप ओढतो तर काही नाही. बाँड शांतपणे सांगतो, ते स्मिथ अँड वेसन आहे आणि तुझ्या सहा झाल्या. अहो, त्याच्या हातात कोल्ट १९११ आहे! ते रिव्हॉल्व्हरच नाही, त्याच्या मॅगझिनमध्येच सात बसतात. संवाद लिहिणाऱ्याच्या डोक्यात सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं, सेटवर दुसरंच पोचलं आणि कोणी वाक्य बदललं नाही. बरं, रिव्हॉल्व्हर असतं तरी सायलेन्सरचा उपयोग शून्य. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते, तिथूनच गॅस आणि आवाज सुटतो.

मिरजकर_मामा
काका, मग त्या सिनेमात पीपीके आहे तरी कुठे? सुरुवातीला साहेबाच्या ऑफिसात त्याचं बेरेटा काढून घेतात आणि पीपीके हातात देतात, तेवढं तरी खरं ना?

जुना_आर्मरर
तेही नाही. जे हातात देतात ते वॉल्थर पीपी, पीपीकेचा थोरला भाऊ. पीपीची नळी ९८ मिमी, पीपीकेची ८३. दीड सेंटिमीटरचा फरक पडद्यावर कोण मोजतो? पण मुठीवरून कळतं. पीपीच्या मुठीला डावी-उजवीकडे दोन पट्ट्या असतात, मागे फ्रेमचं पोलाद उघडं राहतं. पीपीकेच्या मुठीचं कव्हर एकसंध, पाठीमागून वळवून घेतलेलं. पोलाद दिसलं की पीपी. दोन्हींचा मार ७.६५ मिमीचाच, म्हणजे आपल्याकडचं .३२. सिनेमातला आर्मरर, म्हणजे बाँडला हत्यार देणारा, त्याची तुलना काचेतून भिरकावलेल्या विटेशी करतो तेव्हा मला हसू येतं. .३२ म्हणजे वीट नव्हे, फार तर खडा.

यातला विनोद असा, की पीपीके आलं तेच मुळी एका काटेकोर माणसामुळे. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉईड नावाच्या हत्यारवेड्यानं १९५६ मध्ये बाँडच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या इयन फ्लेमिंगला पत्र घातलं, की तुमच्या नायकाचं .२५ चं बेरेटा बायकांच्या पर्समध्ये शोभेल. त्यानं पर्याय सुचवले, त्यात पीपीके होतं. फ्लेमिंगनं ते मानलंच, वर कादंबरीतल्या आर्मररला 'मेजर बूथरॉईड' नाव देऊन टाकलं. एवढा पत्रव्यवहार करून पडद्यावर त्याच मेजरच्या हातून पीपी दिलं जातं.

आणि काढून घेतात ते बेरेटाही .२५ चं नाही, मोठं मॉडेल १९३४ आहे. हे मी सिनेमात ओळखलं तेव्हा जरा गप्प झालो. ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींवर झाडलं गेलं ते याच मॉडेलचं. साराजेव्होत १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाला, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला मारलं ते एफएन १९१०. एकाच सिनेमात ही दोन्ही मॉडेल्स, आणि आपण बघतो आहोत उर्सुला अँड्रेस.

दहा_मीटर
काका, जबरी! उदयपूरला शूट झालेल्या 'ऑक्टोपसी'त (१९८३) रॉजर मूरकडे वॉल्थर पी ५ आहे, तेही बरेच जण पीपीके समजतात. आणि १९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'मधलं ते सोनेरी पिस्तूल फाउंटन पेन, लायटर, सिगारेट केस आणि कफलिंक जोडून केलेलं होतं ना?

जुना_आर्मरर
हो, दोन्ही बरोबर. सोनेरी खेळण्याबद्दल मला विचारू नका, त्याला आमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

मिरजकर_मामा
सगळ्यांचे आभार. काल भिंग घेऊन फ्रेमपाशी खुर्चीवर चढलो. भाच्यानं खालून आपल्या क्लबच्या पिस्तुलाचा फोटो धरला होता. दोघांचं कॅलिबर एकच, ४.५ मिमी, हे त्यानं मला तीनदा ऐकवलं. मिसळ झाली. दोन प्लेट, कट वेगळा, वर ताक. पोस्टर तिथेच आहे, फक्त त्यानं फ्रेमच्या खालच्या लाकडावर पेन्सिलनं 'एलपी ५३, हवा' असं लिहून ठेवलंय आणि बायको ते पुसू देत नाही.