पुण्याचा गोवर: शहर धरायचं की ऊसतोडीची वाट?

आकडेमोड:
गोवराचे रुग्ण दिसले की बोट लगेच ऊसतोड टोळ्यांकडे आणि वीटभट्ट्यांकडे वळतं. मला हे पटत नाही. गोवर टिकतो तो लोकसंख्येच्या जोरावर. १९५०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी शहरांच्या नोंदींवरून दाखवलं की अडीच-तीन लाखांहून लहान वस्तीत तो अधूनमधून आपोआप विझतो. हिशोब सोपा आहे. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, म्हणून त्याला सतत नवी बाळं लागतात. एका रुग्णापासून पुढच्यापर्यंत साधारण १४ दिवस, म्हणजे वर्षाला संसर्गाच्या २६ पिढ्या. लस नाही असं धरा आणि जन्मदर हजारी १६. अडीच लाखांत वर्षाला ४००० बाळं, पिढीला दीडशे रुग्ण; साखळी चालू राहते. ३००० वस्तीच्या गावात ४८ बाळं, पिढीला जेमतेम दोन. एक पिढी हुकली की खेळ खलास.

आता पुणे. २०११ला मनपा हद्दीत ३१ लाख लोक होते. त्याच जन्मदराने वर्षाला ५०,००० बाळं. ९० टक्क्यांना दोन्ही डोस दिले आणि त्यातल्या ९७ टक्क्यांना ते लागू पडले, तरी दरवर्षी सहा हजारांवर मुलं उघडी राहतात. आधी ही फट बुजवा.

बारामती_रोड:
हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. लहान वस्तीत गोवर विझला म्हणजे ती सुरक्षित झाली असं नव्हे; गोवर न झालेल्यांची शिल्लक साचत जाते. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१नंतर ६५ वर्षं गोवर नव्हता. १८४६मध्ये तो बाहेरून आला आणि सुमारे ७८०० लोकांपैकी ६००० आजारी पडले. १७८१मध्ये गोवर होऊन गेलेले म्हातारे तेवढे सुटले.

बीडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या तळावर असतात. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसऱ्याची वेळ नेमकी तळावर आली तर तो राहतो, कारण नाव गावच्या यादीत आणि मूल इथे कोपीत. अशी डोस राहिलेली मुलं एकाच तळावर दाटीने राहतात. तुमची सरासरी त्यांना झाकून टाकते.

आकडेमोड:
@बारामती_रोड, पण गोवराचा हंगाम आणि तोडीचा हंगाम एकाच वेळी येतो म्हणून एकाला दुसऱ्याचं कारण ठरवता येणार नाही. इंग्लंडमध्ये ऊस नव्हता, तरी शाळा उघडल्या की गोवर चढायचा आणि सुट्टीत उतरायचा.

बारामती_रोड:
तिथेही मुलं एकत्र येण्याचाच प्रश्न होता ना? नायजरच्या नियामे शहरात उपग्रहातून रात्रीच्या दिव्यांचा उजेड मोजला. कोरड्या महिन्यांत बाहेरचे लोक आले की उजेड वाढायचा आणि गोवरही. तिथे ही चढ-उतार शाळांमुळे नव्हती, स्थलांतरामुळे होती.

शीतसाखळी:
दोघांनी कुपीचा विचार केलेला नाही. एमआर (गोवर-रुबेला) लसीची कुपी पाच किंवा दहा डोसांची असते. पूड द्रावकात मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. तळावर दोनच मुलं असली की ‘पुढच्या सत्रात या’ असं सांगितलं जातं आणि तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. दोन मुलांसाठीही कुपी फोडायची, वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारायचा नाही, असा लेखी आदेश लागतो. कार्ड नसेल तर डोस झाला नाही असं धरून द्या; जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही. पाच वर्षांपर्यंत राहिलेले दोन्ही डोस चार आठवड्यांच्या अंतराने देता येतात.

पेठकर:
हे गणित सगळ्या साथींना लावू नका. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून बाळांची वाट न पाहता तो मोठ्यांनाच पुन्हा गाठतो. वारीतही पुण्याच्या मुक्कामात बहुतेक मोठी माणसं. तिथे धोका पाण्याचा. टँकरच्या नळाशी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं का, ते तपासा.

आकडेमोड:
@शीतसाखळी, कुपीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण आरोग्यसेविका तेवढ्याच आहेत. त्या तळांवर गेल्या तर शहरातल्या बांधकाम वस्त्यांची सत्रं कोण घेणार?

बारामती_रोड:
म्हणूनच तळावर पोचायच्या आधी गाठा. डोसानंतर संरक्षण यायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा नोव्हेंबरात इथे टोचणं उशिराचंच. उचल, म्हणजे आगाऊ पैसे दिले की टोळीत कोण येणार हे टोळी जमवणाऱ्या मुकादमाला ठाऊक असतं. ती नावं सप्टेंबरात गावच्या आशाताईंकडे जाऊ द्या आणि डोस तिथेच होऊ द्या. पुण्याच्या सेविकांचा एक दिवसही मोडणार नाही.