लोकरीचा हेडबँड: लांब पट्टी विणून जोडावा की गोल विणावा?

प्रश्न:
मला सुलट आणि उलट टाके, टाके घालणे आणि बंद करणे एवढेच येते. या भांडवलावर एक-दोन संध्याकाळींत पुरा होईल आणि कान नीट झाकेल असा हेडबँड विणायचा आहे. लोकर मध्यम जाडीची असून सुया 5 मिलिमीटरच्या आहेत. काही नमुन्यांत अरुंद पट्टी विणून तिची टोके जोडायला सांगितलेली असतात, तर काहींत डोक्याच्या घेराएवढे टाके गोल सुईवर घेतलेले असतात. यांपैकी कोणती पद्धत निवडावी, टाके किती घालावेत, आणि हेडबँड ढिला होऊन भुवयांवर उतरू नये यासाठी काय करावे?

प्रतिसाद 1:
अरुंद पट्टीच विणावी आणि तिची प्रत्येक ओळ सुलट विणावी. सगळ्या ओळी सुलट असलेले विणकाम ओळी चढत जातात त्या दिशेने चांगले ताणले जाते, आणि पट्टी डोक्याभोवती गुंडाळली की हीच दिशा घेराची होते, त्यामुळे हवा तिथेच ताण मिळतो. शिवाय हे विणकाम सपाट राहते. एक ओळ सुलट आणि एक उलट अशी विणलेली पट्टी कडांनी वळून तिची सुरळी होते, आणि इस्त्रीलाही ती फारशी दाद देत नाही.

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 54 ते 57 सेंटिमीटर असतो. पट्टी त्यापेक्षा 6 ते 8 सेंटिमीटर आखूड ठेवली तरच ती डोक्याला धरून बसते. ढिलेपणाचे कारण बहुतेक वेळा लोकर नसून घेराएवढीच ठेवलेली लांबी हे असते. रुंदी 10 ते 11 सेंटिमीटर पुरे. तुमच्या हाताने 10 सेंटिमीटरमध्ये 17 टाके बसत असतील तर 18 टाके घालावेत, मात्र आधी लहान तुकडा विणून मोजावा. 50 ग्रॅम लोकर सहसा पुरते.

प्रतिसाद 2:
वरील सल्ला योग्य आहे, पण ज्यांना दोन सुलट, दोन उलट अशी वीण आवडते त्यांनी पट्टीच्या वाटेला जाऊ नये. ही वीण आडवी ताणली जाते. अरुंद पट्टीत तो सगळा ताण रुंदीत जातो आणि घेराला त्याचा उपयोग होत नाही. म्हणून ती गोलच विणावी. तुमच्या लोकरीसाठी 40 सेंटिमीटरच्या गोल सुईवर 80 टाके घ्यावेत (संख्येला 4 ने भाग जायला हवा), आणि गोल जोडण्यापूर्वी टाके सुईभोवती पिळलेले नाहीत हे पाहावे, कारण तो पीळ नंतर उसवल्याशिवाय निघत नाही. शेवटचे टाके एक नंबर मोठ्या सुईने सैल बंद करावेत. घट्ट बंद केलेली कड कपाळावर वळ उठवते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. मी पट्टीच विणेन. तिचा जोड टोचणार नाही ना? आणि लोकर खरी घ्यावी की ॲक्रिलिकची?

प्रतिसाद 3:
जोड मानेवर, केसांखाली येऊ द्यावा आणि दोन्ही टोके एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून त्याच लोकरीने शिवावीत, म्हणजे उंचवटा राहत नाही. खऱ्या लोकरीचे तंतू नागमोडी असल्यामुळे त्यांच्यात हवा अडकून ऊब टिकते आणि ताणलेले विणकाम पुन्हा मूळ मापावर येते. ॲक्रिलिक धुवायला सोपे असले तरी हा गुण त्यात कमी असतो. कपाळाची त्वचा नाजूक असल्यास मेरिनोसारखी बारीक तंतूंची लोकर निवडावी. सुती धागा मात्र टाळावा, कारण तो एकदा ताणला की तसाच राहतो. धुतल्यावर हेडबँड दोरीवर न टांगता सपाट पसरून वाळवावा. ओल्या लोकरीचे वजनच त्याला लांबवते.