अमेरिकेतील लष्करी तळांची जुनी नावे परतली, पण ती नेमकी कोणाची?

प्रश्न (खानापूरचा विद्यार्थी):
सर्वांना नमस्कार. अमेरिकेतील यादवी युद्धात (1861 ते 1865) गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटलेल्या राज्यांच्या सेनाधिकाऱ्यांची नावे तेथील नऊ लष्करी तळांना होती. ती 2023 मध्ये बदलण्यात आली आणि 2025 मध्ये परत आणली गेली. मात्र या वेळी ती त्याच आडनावाच्या दुसऱ्या सैनिकांच्या सन्मानार्थ आहेत, असे सांगण्यात आले. याला कायद्याचे पालन म्हणावे की पळवाट? वादविवाद स्पर्धेत मला आपल्या बेळगावच्या नामांतराचा दाखला द्यायचा आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर (निपाणी, निवृत्त इतिहास शिक्षिका):
आधी ही नावे पडली केव्हा, ते पाहा. ती युद्ध संपल्यावर लगेच पडलेली नाहीत. दोन महायुद्धांच्या काळात दक्षिणेत प्रशिक्षणासाठी मोठ्या जागा हव्या होत्या, स्थानिक पुढाऱ्यांची मर्जी सांभाळायची होती आणि सैन्यातही वर्णभेद होता, तेव्हा ही नावे दिली गेली. फोर्ट ब्रॅग 1918 चा, फोर्ट हूड 1942 चा. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम ठेवण्यासाठी हे अधिकारी लढले, त्या कृष्णवर्णीय जवानांनी त्यांच्याच नावाच्या फाटकातून कवायतीला जायचे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. तेव्हाचे अध्यक्ष ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, तो ओलांडून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) 1 जानेवारी 2021 रोजी ही नावे हटवण्याचा कायदा केला आणि नेमलेल्या आयोगाने तळांना भेटी देऊन, लोकांकडून सूचना मागवून नवी नावे सुचवली. फुटलेल्या राज्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या नावाच्या फोर्ट लीचे फोर्ट ग्रेग-अ‍ॅडम्स झाले. आर्थर ग्रेग आणि चॅरिटी अ‍ॅडम्स हे दोघेही कृष्णवर्णीय अधिकारी होते.

उत्तर (बेळगाव कॅम्प, निवृत्त सुभेदार):
बाईंशी मी पूर्ण सहमत आहे. मराठा सेंटरमध्ये कसम परेडच्या दिवशी निशाणासमोर घेतलेली शपथ मला अजून जशीच्या तशी आठवते. ज्यांनी अशी शपथ घेऊन पुढे त्याच सैन्यावर बंदुका रोखल्या, त्यांचे नाव फाटकावर नसावे.

2025 च्या निर्णयाचे मला अधिक वाईट वाटते. आता फोर्ट ली हे फिट्झ ली यांच्या नावाने आहे. 1898 मध्ये क्युबात शत्रूच्या गोळीबारात जखमी साथीदारांना सोडवून आणणारा हा कृष्णवर्णीय जवान. मेडल ऑफ ऑनर या अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी. त्यांच्या नावाचा तळ असावाच, पण येथे त्यांचे शौर्य पाहून नाव ठरले नाही, आडनाव जुळले म्हणून त्यांना शोधले गेले. कायद्याची अक्षरे पाळली गेली आणि एका शूर शिपायाचा आडोसा केला गेला.

जुन्या नावाची माया मला कळते. माझ्या काळ्या ट्रंकेवर नंबर, हुद्दा आणि त्याखाली पांढऱ्या रंगात ‘बेळगाव’ असे लिहिलेले आहे. ते मी कधी खरवडले नाही. पण ते गावाचे नाव आहे, कोणाचा गौरव नव्हे. इंग्लंडच्या राजाचे नाव असलेल्या, कोलकात्याच्या फोर्ट विल्यम या लष्करी किल्ल्याचे विजय दुर्ग झाले, तो दाखला मात्र तू जरूर दे.

उत्तर (टिळकवाडी):
सुभेदार साहेबांचा मुद्दा पुढे नेतो. 1 नोव्हेंबर 2014 रोजी ‘बेळगावी’ हे नाव अधिकृत झाले, तेव्हा प्रश्न कोणा सेनाधिकाऱ्याचा नव्हता, भाषेचा होता. 1956 पासून सीमाभागातील मराठी माणूस ज्या तारखेला काळा दिन पाळतो, नेमकी तीच तारीख निवडली गेली, आणि पिढ्यान्पिढ्या येथे ‘बेळगाव’ म्हणणाऱ्या आम्हाला कोणी विचारले नाही. त्यामुळे सरसकट तुलना करू नकोस. नाव ठरवताना तेथे राहणाऱ्यांना विचारले गेले का, एवढाच धागा दोन्हीकडे लागू पडतो.

प्रश्नकर्ता:
बाई, सुभेदार काका आणि टिळकवाडीचे दादा, मनापासून आभार. बेळगावचा दाखला मी त्या एका धाग्यापुरताच ठेवतो आणि भाषणाची सुरुवात फिट्झ ली यांच्यापासून करतो.